एकवीस कुत्री आणि बिनफोडणीची हंडी

एक होता राजा. राजा म्हटलं की तुम्हाला लगेच हत्ती आणि अंबारी दिसायला लागते, पण ह्याच्याकडे तसलं काही नव्हतं. राज्य एवढंसं. एक टेकडी, टेकडीवर राजवाडा, खाली दोनशे घरांचं गाव आणि गावाच्या चारी बाजूंनी रान. संपलं राज्य. शिऱ्या, पाय आवर आधी, मग पुढचं सांगते.

तर ते रान साधं नव्हतं बरं का. ते चालायचं. रोज दिवेलागणीला माणसं घरात शिरली की रान एक पाऊल पुढे टाकायचं. झाडं मुळांसकट सरकायची, वेली हात लांब करायच्या. मग त्याला अडवायचं कोणी? राजाच्या एकवीस कुत्र्यांनी. रोज संध्याकाळी ती तटावर ओळीनं उभी राहायची आणि एका दमात भुंकायची. एकवीसच्या एकवीस भुंकली की रान गपचूप एक पाऊल मागे जायचं. राजाच्या पणजोबापासून असंच चालत आलेलं. म्हणून तर ते गाव जागेवर होतं.

मग राजा त्या कुत्र्यांचे किती लाड करायचा! जेवायला चांदीची ताटं. राजाच्या ताटात जे वाढलं तेच त्यांच्या ताटात. आंबेमोहोर भात, साजूक तूप, मसाल्याचं मटण, वर पेढे. आणि हे सगळं रांधायचा केरोजी, राजाच्या मुदपाकखान्यातला मुख्य आचारी. मोठा मानी माणूस. त्याची फोडणी म्हणजे काय विचारता! मोहरी तडतडली, कांदा-लसूण पडला, की वास टेकडी उतरून खाली गावात. बायका आपल्या चुलीवरची भाजी हलवता हलवता म्हणायच्या, "बसला गं राजा जेवायला."

केरोजीचा एक नेम होता. बिनफोडणीचं काहीही राजवाड्याच्या चुलीवरून उतरू द्यायचं नाही. का? तर बिनफोडणीचं कधी करतात, ठाऊक आहे ना? घरात कोणी गेलं, सुतक आलं, की. मग असलं अशुभ राजाच्या घरात कशाला? म्हणून तो कुत्र्यांच्या अन्नालाही फोडणी द्यायचा, आणि चांगली चरचरीत द्यायचा. कुत्र्यांना काय वाटतं ते कोणी विचारलं नाही.

आता राजवाड्यात एक बाई भांडी घासायची. तिचं नाव ठकू. नवरा देवाघरी गेलेला. एक लेक होती चिमी, नुकती रांगायला लागलेली. ठकूचं घर गावातलं अगदी शेवटचं. घरामागे परस आणि परसामागे रान. कुत्र्यांची ती चांदीची ताटं राखेनं घासायचं काम तिच्याकडे. आणि मी सांगते, ताटं घासणाऱ्या बाईला जे कळतं ते वैद्यालाही कळत नाही. कोणी नुसतं तूप चाटलं, कोणी भात तसाच टाकला, कोणी खाल्लेलं भिंतीमागे जाऊन ओकलं, सगळं तिला दिसायचं. वर्षभरात ताटांत केस यायला लागले. कुत्री अंग खाजवायची. हिरड्या पांढऱ्याफटक. आणि भुंकणं? दमा झालेल्या म्हाताऱ्यासारखं.

राजा घाबरला. त्यानं तूप वाढवलं. काही झालं नाही. मग मटण वाढवलं. तरी नाही. मग त्यानं पेढे वाढवले. अति तिथं माती, दुसरं काय! कुत्री जी बसली ती उठेनात.

त्यातच दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. धान्याच्या कोठाराचा तळ दिसायला लागला. मग राजानं जड मनानं हुकूम काढला, कुत्र्यांना रोज एक पायली तांदूळ. त्यावर एक दाणाही नाही.

केरोजी म्हणाला, "महाराज, पायलीभर तांदळात एकवीस तोंडं? ते मला जमायचं नाही." आणि त्यानं हात झटकले.

इकडे रानाला काय, मोकळं रान मिळालं! आधी त्यानं गुरांचं कुरण गिळलं. मग मळणीचं खळं गिळलं. मग ते ठकूच्या परसात शिरलं. एका सकाळी ठकू उठून बघते तर खिडकीतून एक वेल आत आलेली, आणि चिमीच्या पाळण्याच्या दोरीला तिनं दोन वेढे घातलेले. ठकूनं विळ्यानं वेल कापली, चिमीला पाठीशी बांधलं आणि तडक राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, कुत्र्यांचा स्वयंपाक माझ्याकडे द्या."

राजा म्हणाला, "तुझ्याकडे जादू आहे का काही, बाई?"

"जादू कुठली, महाराज? त्यांची ताटं घासते मी."

"आणि तांदूळ पायलीभरच मिळेल."

"पायली पुरे. फक्त मला तीन दारी जाऊ द्या आणि पुनवेपर्यंत वेळ द्या. आज आवस आहे."

राजा म्हणाला, "पुनवेपर्यंत रान तुझ्या घरात येईल, ठकू."

"म्हणून तर आले," ठकू म्हणाली.

मग ठकू निघाली. पहिली गेली भात कांडणाऱ्या बाईच्या दारी. तिला पायलीभर आंबेमोहोर दिला आणि बदल्यात तीन पायल्या कण्या घेतल्या. कण्या म्हणजे तुटका तांदूळ. पोट त्यानंही तेवढंच भरतं, फक्त पाहुण्यांसमोर मिरवता येत नाही. मग गेली खाटकाच्या दारी. म्हणाली, "दादा, तुमच्याकडून कोणी नेत नाही ते मला द्या." खाटकानं फेफसं दिलं, काळजाचे तुकडे दिले, मांस लागलेली हाडं दिली. वर म्हणाला, "रोज ने बाई, माशा तरी कमी होतील." मग गेली नदीवर भोयांच्या दारी. त्यांनी मासळीची डोकी दिली आणि बोटभर लांबीची, कोणी विकत घेत नाही ती मासळी दिली. येताना बाजार उठत होता, तिथं एक मऊ पडलेला लाल भोपळा मिळाला. तोही तिनं डोक्यावर घेतला.

मग तिनं मोठी हंडी चढवली. भिजवलेल्या कण्या गिचका होईपर्यंत शिजवल्या. काळीज बारीक चिरून घातलं, तेही बेतानं, फार घातलं की पोट बिघडतं. मासळी उकडून काट्यांसकट पाट्यावर मऊ वाटली. भोपळा घातला. हाडं मात्र कच्चीच ठेवली, चघळायला. शिजलेलं हाड फुटलं की त्याची सळई होते आणि घशात रुतते, हे तिनं ताटांतल्या रक्तावरून ओळखलं होतं. मीठ नाही. मसाला नाही. आणि फोडणी नाही.

केरोजीनं कपाळाला हात लावला. "नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, हिच्याकडे तर मीठच नाही! राजवाड्यात सुतकाचा स्वयंपाक! मी आज चूलच पेटवणार नाही." आणि गेला, कडुनिंबाखाली गालाला हात लावून बसला. राजानं बिचाऱ्यानं दूध-केळं खाल्लं.

मग काय झालं, ऐका. दुपार झाली. खाली गावात एका बाईनं नाक वर करून हुंगलं. वास नाही. तिनं शेजारणीला विचारलं. तिनंही हुंगलं. अगं बाई! राजवाड्यात फोडणी पडली नाही! बिनफोडणीचं शिजतंय! घटकाभरात सगळं गाव रडायला लागलं. दुकानं बंद झाली. कोणी बांबू तोडायला धावला, कोणी मडकं आणायला. न्हावी वस्तरा घेऊन राजवाड्याच्या दारात हजर. एवढा आकांत ऐकून राजा सज्जात आला आणि खाली वाकून ओरडला, "अरे, कोण गेलं?"

सगळे वर बघायला लागले. एक म्हातारी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "तुम्हीच की, महाराज!"

हसा, हसा. राजा काही हसला नाही. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं लोक त्याला समजावत होते, पण त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं ठकूला बोलावलं. "उद्यापासून चमचाभर का होईना, फोडणी घाल. नाहीतर काम सोड."

ठकूनं मनात हिशेब केला. फोडणी घातली तर कुत्री आजारीच राहणार. नाही घातली तर काम गेलं. आणि दोन्हीकडून रान चिमीच्या पाळण्यापाशी. तिला रडू यायला लागलं होतं, ते तिनं गिळलं. मग म्हणाली, "महाराज, फोडणी गावाला हवी आहे. कुत्र्यांना नको आहे. ज्याला हवी त्याला देऊ की."

आणि ती कडुनिंबाखाली गेली.

"केरोजीमामा, आज एक दिवस तुमची फोडणी पडली नाही, तर गाव बांबू तोडायला धावलं."

केरोजीनं मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "खरंच रडले का लोक?"

"न्हावी वस्तरा घेऊन आला होता."

केरोजीचे खांदे हलायला लागले. आधी ठकूला वाटलं, रडतोय. तर तो हसत होता. "राजा धडधाकट आहे हे गावाला तुमच्या चुलीवरून कळतं," ठकू म्हणाली. "ती कशी विझू द्यायची? तुम्ही महाराजांच्या आमटीला अशी फोडणी द्या की नदीपलीकडे वास जाऊ दे. माझी हंडी तेवढी तिच्यापासून लांब राहू दे." केरोजी उठला. धोतराची धूळ झटकली आणि चूल पेटवली. सांजच्याला गावाला वास गेला, गाव निवांत जेवलं.

पण अन्न काही लगेच अंगी लागत नाही, बाळांनो. ठकूनं चांदीची ताटं उचलून ठेवली आणि मातीचे परळ मांडले, प्रत्येकाचा वेगळा कोपऱ्यात, म्हणजे दांडग्यानं गरिबाचं ओढायला नको. हाताची पाचही बोटं सारखी नसतात. म्हाताऱ्या कुत्रीला पातळ करून द्यायची, पिलांच्या आईला दोनदा द्यायची, नुसत्या लोळणाऱ्याला थोडं कमी. सगळ्यांचं झालं की त्याच हंडीतलं वाडगाभर काढून, वर मीठ टाकून, मायलेकी जेवायच्या.

आणि रोज रान एक पाऊल पुढे. एक दिवस स्वयंपाकघराची जमीन फुगली, खालून मूळ आलं. एक दिवस दार लागेना, मधे फांदी. सकाळी बाहेर पडायला तिला विळ्यानं वाट करावी लागायची. कधी कधी हंडी ढवळताना तिला वाटायचं, आपण हे शहाणपण केलं की खुळेपणा? आज चिमीला घेऊन दुसऱ्या गावाला गेलो असतो तर निदान जीव तरी वाचला असता. पण समोर एकवीस तोंडं तिच्याकडे बघत असायची, आणि ती पुन्हा ढवळायला लागायची.

सातव्या दिवशी हिरड्या लाल झाल्या. नवव्या दिवशी अंगावर लव आली. अकराव्या दिवशी दिवेलागणीला कुत्री तटावर चढली आणि भुंकली. चांगली भुंकली! रान घटकाभर थबकलं. पण मागे काही गेलं नाही. ठकूनं कान दिला. ती आता प्रत्येकाचा आवाज ओळखायची. वीस भुंकत होती. एकविसावा चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, राजाचा सगळ्यात लाडका. तो तोंड उघडत होता आणि नुसती हवा बाहेर येत होती.

मग ठकूच्या लक्षात आलं. चांद्याचा परळ कधीच पुसल्यासारखा चाटलेला नसायचा. दुसऱ्या दिवशी ती पाळतीवर राहिली. तर काय, कडुनिंबाआड आपला राजा! उपरण्याच्या गाठीतून पेढा काढतोय आणि चांद्याला भरवतोय.

ठकूला बघून राजा पोरासारखा कावराबावरा झाला. "एकच दिला गं."

"रोज?"

"रोज एकच. कधी दोन." मग त्यानं खाली मान घातली. "ठकू, दिवसभर सगळे मला मुजरे करतात. काही ना काही मागायला येतात. हा एकटा मला बघून धावत येतो. माझ्या हातचं काही खाल्लं की मला बरं वाटतं."

ठकूला राग आला होता. आणि त्या माणसाची दयाही आली होती. दोन्ही एकदम आलं की बोलायला अवघड जातं. तरी ती बोलली. "महाराज, माझ्या चिमीच्या पाळण्याला रानाची वेल लागली आहे. रोज कापते मी ती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून चांद्याचं पोट बिघडतं आणि त्याच्या आवाजाविना रान माझ्या लेकीपाशी येतं. पेढा तुम्हाला आवडतो, महाराज. त्याला काय सोसतं ते बघायला नको का?"

राजानं हातातला पेढा हळूच गाठीत परत ठेवला. मग ठकूनं चांद्याचा परळ आणून त्याच्यापुढे ठेवला. "हातानंच भरवायचं आहे ना? मग हे भरवा."

राजा धुळीत मांडी घालून बसला. त्या गिचक्यात त्यानं बोटं घातली. पहिला घास पुढे केला, चांद्यानं तोंड फिरवलं. दुसरा घास केला, त्यानं नुसता हुंगला. तिसरा घास केला, तेव्हा त्यानं बोटं चाटली. मग राजा रोज येऊन बसायला लागला. मुकुट कट्ट्यावर काढून ठेवायचा आणि कोपरापर्यंत कण्या लावून घ्यायचा.

मग आली पुनव. आता अख्खं रानच ठकूच्या उंबऱ्याशी येऊन ठेपलं होतं. दिवेलागणीला ठकू चिमीला घट्ट धरून घरात उभी राहिली. पळायला वाटच नव्हती. तटावर भुंकणं सुरू झालं. ठकू डोळे मिटून एकेक आवाज ओळखत गेली. म्हातारीचा खरखरीत. पिलांच्या आईचा बारीक. दांडग्याचा ढोलासारखा. अठरा. एकोणीस. वीस.

आणि मग काहीच नाही. उंबऱ्यावरून एक वेल आत आली आणि ठकूच्या पायाच्या बोटांना लागली.

मग घोगरा, दाटलेला, वर्षभर न वापरलेला एक आवाज आला. भो! चांद्या! मग पुन्हा एकदा. मग एकवीसच्या एकवीस. वेल थरथरली, मागे सरली. पाळण्याच्या दोरीचे वेढे आपोआप सुटले. स्वयंपाकघराची फुगलेली जमीन धप्पकन खाली बसली. झाडं आपली मुळं ओढत परसाबाहेर गेली, खळ्याबाहेर गेली, कुरणाबाहेर गेली. आणि ठकू चिमीला उराशी धरून ढसाढसा रडली. एवढ्या दिवसांचं सगळं रडली.

राजा म्हणाला, "ठकू, माग काय हवं ते." ठकू म्हणाली, "ती चांदीची ताटं विका, महाराज, आणि गावाला पाऊस येईपर्यंत पुरेल एवढं धान्य आणा. मला ती घासून घासून कंटाळा आलाय." तसं झालं. पुढच्या साली पाऊसही झाला. कोठारं भरली. प्रधान म्हणाले, आता कुत्र्यांचं जेवण पहिल्यासारखं करू. राजा म्हणाला, ठकूला विचारा. ठकू म्हणाली, "बरं चाललंय ते चालू द्या."

एकदा काय झालं, राजाला बरं नव्हतं. दोन दिवस अंगात ताप. तिसऱ्या दिवशी सांजच्याला तो काठी टेकत खाली आला, तर कुत्र्यांची जेवणं आटोपलेली. परळ रिकामे. राजाच्या हातातही काही नाही. चांद्या त्याला बघून धावत आला. राजानं दोन्ही तळवे उघडून दाखवले. "आज काही नाही रे बाबा."

चांद्यानं एक तळवा हुंगला. मग दुसरा हुंगला. मग त्यानं आपली हनुवटी त्या रिकाम्या तळव्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

राजा तसाच वाकून उभा राहिला. कंबर दुखायला लागली तरी हलला नाही. ठकूनं ते लांबून बघितलं, आणि आवाज न करता परळ उचलून धुवायला निघून गेली.

झालं. त्या गावात पुन्हा कधी रान शिरलं नाही, तिथली सगळी सुखानं राहिली, माणसंही आणि कुत्रीही. आता आपल्या डोळ्यांत झोप शिरू दे. तिला काही कोणी भुंकून मागे सारायचं नाही. मिटा डोळे.